गोळी कमी केली आणि बाबांची इच्छाच गेली. मग ती इच्छा होती कुणाची?

कृष्णाकाठ (धागाकर्ती) – ३ जून, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे बाबा ७१ वर्षांचे. पोस्टात ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी बचत खात्यांच्या काउंटरवर. काटकसर इतकी की आलेल्या पत्राचं पाकीट उसवायचं आणि आतल्या कोऱ्या बाजूवर किराण्याची यादी करायची. दुधाचा हिशोब आजही भिंतीवरच्या कॅलेंडरवर, तारखेच्या चौकोनात.

सहा वर्षांपूर्वी पार्किन्सन्सचं निदान झालं. औषधांनी हाताची थरथर बरीच आटोक्यात आली. गेल्या वर्षी एका गोळीचा डोस वाढवला. त्यानंतर सात महिन्यांनी आईला कपाटात, शालींच्या खाली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत लॉटरीची तिकिटं. शंभर-शंभरचे गठ्ठे, प्रत्येक गठ्ठ्याला रबर. एकूण १ लाख ८३ हजार रुपयांची. आई तो डबा मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत तशीच बसून होती. दिवा लावायचंही तिला सुचलं नाही.

आधी आम्हाला वाटलं, कुणीतरी बाबांना नादी लावलं. मग दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की या प्रकारच्या गोळ्यांनी काही रुग्णांना जुगाराचा, खरेदीचा नाद लागतो. डोस हळूहळू खाली आणला. दोन महिन्यांत तो नाद असा गेला की कधी नव्हताच.

मी एकदा विचारलं, "बाबा, तेव्हा तुम्हाला कळत नव्हतं का?" म्हणाले, "कळत होतं. पण कळणं आणि खिशात हात जाणं यांच्या मधे काही उरलंच नव्हतं."

नातेवाईक म्हणतात, "ते बाबा नव्हतेच, ती गोळी होती." माझा भाऊ इंजिनिअर आहे. तो म्हणतो, "मग आधीची काटकसर तरी बाबा कशावरून? तेही डोपामिनच, मेंदूतलं एक रसायन. मेंदूत रसायनं, रसायनांत अणू, आणि अणू भौतिकशास्त्राच्या नियमांनी चालतात. आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं, इतकंच." त्याला उत्तर द्यायला गेले आणि शब्द सापडेनात.

तुम्हाला काय वाटतं? भौतिकशास्त्र खरं असेल तर 'मी ठरवलं' या वाक्याला काही अर्थ उरतो का?

---

पारिजात – ३ जून, रात्री १०:५८

आधी सांगा, बाबांची तब्येत आता कशी आहे? आणि आई सावरल्या का?

---

कृष्णाकाठ – ३ जून, रात्री ११:०५

@पारिजात, आभार. थरथर थोडी वाढली आहे, पण चालतं-फिरतं चांगलं आहे. आई बोलते आहे, पण तो डबा तिने अजून तिच्या उशाशी ठेवला आहे.

---

मेंदूवैद्य – ४ जून, सकाळी ७:२०

मी मज्जाविकारांचा डॉक्टर आहे, म्हणून आधी महत्त्वाचं सांगतो. कुणाच्या घरी पार्किन्सन्सचा रुग्ण असेल तर हा धागा वाचून गोळी अचानक बंद करू नका. अचानक बंद केल्याने वेगळे आणि गंभीर त्रास होतात. डॉक्टरांशी बोला, डोस टप्प्याटप्प्यानेच उतरवायचा असतो.

ताईंनी गोळीचं नाव लिहिलेलं नाही, पण वर्णन प्रामिपेक्सोलसारख्या औषधांचं आहे. यांना डोपामिन अ‍ॅगोनिस्ट म्हणतात, म्हणजे डोपामिनची नक्कल करणारी औषधं. हालचालीच्या भागात डोपामिन कमी पडतं म्हणून ती द्यायची. पण मेंदूत डोपामिन फक्त हालचालीसाठी नसतं, 'हे हवंय, परत हवंय' ही ओढसुद्धा त्याच्यावरच चालते. ती साखळी पार्किन्सन्समध्ये बऱ्याचदा शाबूत असते. एकीकडे दुष्काळ म्हणून पाणी सोडायचं आणि ते भरल्या विहिरीतही जाणार, तसं होतं.

अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. ही औषधं घेणाऱ्यांपैकी १७.१ टक्के लोकांत जुगार, खरेदी, खादाडी असला काही ना काही अनावर नाद दिसला, न घेणाऱ्यांत ६.९ टक्के. म्हणजे तुमचे बाबा एकटे नाहीत. आणि हे रुग्ण लपवतात, कारण लाज वाटते. मी आता प्रत्येक भेटीत घरच्यांना बाजूला घेऊन पैशांबद्दल विचारतो.

तत्त्वज्ञानाबद्दल एवढंच म्हणेन: त्याच गोळीवरच्या ८० टक्क्यांहून जास्त लोकांना तो नाद लागत नाही. तेव्हा 'गोळीने केलं' हे वाक्यही अपुरंच आहे.

---

न्यूट्रॉन – ४ जून, सकाळी ९:४५

भावाचं म्हणणं नवीन नाही. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने १८१४ मध्ये हेच लिहिलं: या क्षणी जगातल्या प्रत्येक कणाची जागा आणि त्यावरची बलं एखाद्या बुद्धीला कळली, तर तिला भविष्य भूतकाळाइतकंच स्वच्छ दिसेल. भावाच्या डोक्यातलं भौतिकशास्त्र त्या साली थांबलेलं आहे. (रागाने नाही म्हणत. आपल्या बारावीच्या पुस्तकांतला बराच भागही तिथेच थांबतो.)

कार्बन-१४ घ्या, कार्बनचा किरणोत्सारी प्रकार. अर्धायुष्य (निम्मे अणू फुटायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं. जिवंत झाडाच्या १ ग्रॅम कार्बनमध्ये मिनिटाला साधारण १४ अणू फुटतात. कोणते १४? याला आजच्या भौतिकशास्त्रात उत्तर नाही. शेजारी शेजारी दोन अगदी सारखे अणू, एक आत्ता फुटेल, दुसरा दहा हजार वर्षांनी, आणि दोघांत आधी काहीही फरक नसतो. हे वाचता वाचता तुमच्या अंगात सेकंदाला तीनेक हजार असे अणू फुटताहेत.

कुणी म्हणेल, आत दडलेलं कारण असेल, आपल्याला दिसत नसेल. आईन्स्टाईनलाही तसंच वाटायचं. १९६४ मध्ये जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाने ते तपासायची युक्ती काढली. १९८२ चे आस्पेचे प्रयोग, २०१५ चे शंकेच्या मुख्य पळवाटा बंद केलेले प्रयोग, सगळ्यांचा कौल एकच: जिथल्या तिथे दडलेलं कारण मानलं तर आकडे जुळत नाहीत. २०२२ चं नोबेल याच कामाला मिळालं.

तेव्हा जग आधीच लिहून ठेवलेलं आहे, हे भौतिकशास्त्राच्या नावावर खपवू नये.

---

सह्यकडा – ४ जून, सकाळी १०:३०

@न्यूट्रॉन, अणू कधी फुटेल ते ठरलेलं नाही हे मान्य. पण त्याने ताईंच्या बाबांना काय मिळालं? समजा माझ्या मेंदूत एक अणू फुटला आणि त्यामुळे मी चहाऐवजी कॉफी मागितली. ती माझी निवड कशी? तो तर डोक्यात पडलेला फासा. ठरलेलं असेल तर मी बाहुली, न ठरलेलं असेल तर मी सोंगटी. मोकळा मी कुठे आहे?

---

न्यूट्रॉन – ४ जून, सकाळी १०:५२

@सह्यकडा, बरोबर पकडलंत. मी फक्त लाप्लासला बाजूला केलं. यदृच्छा, म्हणजे निव्वळ फाशाचा खेळ, हेच स्वातंत्र्य असं मी म्हणणार नाही.

---

तिखटमीठ – ४ जून, दुपारी १:१५

आमच्याकडे रोज रात्री 'उद्या भाजी काय?' या प्रश्नावर इच्छास्वातंत्र्य संपतं. चौघांच्या चार इच्छा आणि शेवटी बटाटाच. :)

---

उंबरठा – ४ जून, दुपारी ३:४०

मेंदूचा विषय निघालाच आहे तर लिबेट या मेंदूशास्त्रज्ञाचा प्रयोग सांगायलाच हवा. १९८३. माणसाला सांगायचं, वाटेल तेव्हा मनगट हलव, आणि हलवावंसं वाटलं त्या क्षणी समोरच्या घड्याळातला ठिपका कुठे होता ते लक्षात ठेव. डोक्याला तारा लावलेल्या. दिसलं असं की मेंदूतली तयारीची लहर हालचालीच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी चढायला लागते, आणि माणूस म्हणतो ती 'इच्छा' फक्त २०० मिलिसेकंद आधी. म्हणजे मेंदू निघाला आणि 'मी' मागून धावत आला. २००८ मध्ये दुसऱ्या एका गटाने स्कॅनरमध्ये डावं बटण की उजवं याचा माग काही सेकंद आधी काढला.

यानंतर 'मी ठरवलं' म्हणायची मला भीतीच वाटते. खोटं बोलत नाही, एम.ए.ला असताना हे वाचून आठवडाभर जेवण जात नव्हतं.

---

मेंदूवैद्य – ४ जून, रात्री ९:१०

@उंबरठा, आता नीट जेवा. :)

२००८ च्या प्रयोगातला अंदाज साधारण ६० टक्के वेळा बरोबर यायचा. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतातच. आणि लिबेटच्या लहरीचा अर्थ २०१२ मध्ये शुर्गर आणि सहकाऱ्यांनी वेगळा लावला. मेंदूत पार्श्वभूमीला विजेची हलकी चढउतार सतत चालू असते. 'कधीही हलव, कारण काही नको' असं सांगितलं तर ती चढउतार जेव्हा उंबरठा ओलांडते तेव्हा हात हलतो. मग आपण हात हलल्याच्या क्षणापासून मागे जाऊन शेकडो नोंदींची सरासरी काढतो, तेव्हा आधी हळूहळू चढ दिसणारच. तो 'आधीच झालेला निर्णय' असायची गरज नाही.

आणि मनगट हलवणं हा काही निर्णय नाही. मुलीचं लग्न, गाव सोडणं, ताईंच्या आईंनी डबा सापडल्यावर आरडाओरडा न करणं, हे निर्णय. त्यांना ५५० मिलिसेकंद लागत नाहीत, कधीकधी वर्षं लागतात.

---

काळाकोट – ५ जून, सकाळी ८:००

जिल्हा न्यायालयात वकिली करतो. बाबांचं ते वाक्य वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितो.

आपल्याकडे जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ८४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम २२ आहे. मनोविकलतेमुळे आपण काय करतो आहोत, किंवा ते चूक वा बेकायदेशीर आहे, हे ज्याला त्या वेळी कळूच शकत नाही, त्याचं कृत्य गुन्हा ठरत नाही. सगळा भर कळण्यावर. ज्याला कळत होतं पण आवरता आलं नाही, त्याला या कलमाचा आसरा नाही.

आपली भाषा कायद्यापेक्षा बारीक बघते. 'कळतं पण वळत नाही' असं आपण लहान पोरालाही म्हणतो. कळणं एक आणि वळणं वेगळं, हे मराठी माणसाला आजीच्या मांडीवरच ठाऊक असतं. बाबांचं कळणं शाबूत होतं, वळणं गोळीने मोडलं होतं. बाबांनी सुदैवाने स्वतःचेच पैसे घालवले. हेच दुसऱ्याच्या पैशांबाबत झालं असतं आणि प्रकरण माझ्याकडे आलं असतं, तर मी काय युक्तिवाद केला असता, याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

---

सोनचाफा – ५ जून, सकाळी ८:३६

@काळाकोट, हा प्रतिसाद वहीत उतरवून घेतला.

---

जुनाजाणता – ५ जून, सकाळी ११:२०

लाप्लासच्याही दोन हजार वर्षं आधी आपल्याकडे मक्खली गोशाल होऊन गेला, आजीवक पंथाचा. सगळं नियतीने ठरलेलं, पुरुषार्थ असा काही नाहीच, हे त्याचं मत. बौद्ध ग्रंथांत त्याचा दृष्टांत नोंदलेला आहे: सुताचा गुंडा फेकला की सूत संपेपर्यंत तो उलगडत जातो, तसा जीव. बुद्ध आणि महावीर, दोघांनाही हे पटलं नव्हतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तर हे दोन्ही सूर दोन श्लोकांच्या अंतरावर आहेत. ६१ व्या श्लोकात ईश्वर सगळ्या भूतांना 'यंत्रारूढानि' फिरवतो, यंत्रावर बसवल्यासारखं. आणि ६३ व्यात अर्जुनाला म्हणतो, 'यथेच्छसि तथा कुरु', तुला वाटेल तसं कर. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी गीतारहस्य लिहिलं (छापलं १९१५ मध्ये), त्यात 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' असं एक अख्खं प्रकरण याच पेचावर खर्ची घातलं आहे. १९०८ च्या खटल्यात माणसांचं आणि राष्ट्रांचं भवितव्य वरच्या शक्तींच्या हाती आहे असं कोर्टात सांगणारा माणूस, तुरुंगात बसून माणूस स्वतंत्र कसा हे मांडतो. मला यात विसंगती वाटत नाही. ज्याच्या अंगावर बेड्या असतात त्याला हा प्रश्न आपल्यापेक्षा जवळून दिसतो.

---

ग्रहगोल – ५ जून, दुपारी १२:०५

शेवटी प्रारब्धच. बाबांची पत्रिका कुणी बघितली का? बुध-राहू असं काही असेल तर हे आधीच कळलं असतं.

---

सह्यकडा – ५ जून, दुपारी १२:३०

@ग्रहगोल, नाही हो. हे तपासून झालेलं आहे. डॉ. जयंत नारळीकरांनी २००८ मध्ये पुण्यात चाचणी घेतली, डॉ. दाभोलकर आणि इतरही सोबत होते. १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या ४० देऊन फक्त एवढंच विचारलं, मूल कोणत्या गटातलं? २७ ज्योतिषांची उत्तरं आली. बरोबर निघाली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती.

---

ग्रहगोल – ५ जून, दुपारी १२:४८

बघणाऱ्याचा अभ्यास कमी पडला म्हणून शास्त्र खोटं ठरत नाही. माझा अनुभव वेगळा आहे. पण ताईंच्या धाग्यावर हा वाद नको, थांबतो. बाबांना बरं वाटो, हे मनापासून.

---

पारिजात – ५ जून, दुपारी १:०२

@ग्रहगोल, थांबलात हे आवडलं. आणि ते स्वतःच ठरवून थांबलात ना! :)

---

हडसनकाठ – ६ जून, पहाटे ४:५०

न्यू जर्सीतून लिहितो आहे, त्यामुळे वेळ विचित्र दिसेल.

तुम्ही सगळे 'पुढचं ठरलंय का' यावर बोलताय. आईन्स्टाईनच्या सापेक्षता सिद्धांताने माझ्यासमोर आणखी वेगळाच प्रश्न ठेवला. सापेक्षतेत सगळ्या विश्वाचं असं एकच 'आत्ता' नसतं. तुम्ही आणि मी रस्त्यात एकमेकांसमोरून चालत गेलो, तर २५ लाख प्रकाशवर्षं दूर देवयानी दीर्घिकेत 'आत्ता' काय चाललंय, याबद्दल आपल्या दोघांचं गणित काही दिवसांनी वेगळं येतं. नुसत्या चालण्याच्या वेगाने! तुमच्यासाठी जे अजून घडायचंय ते माझ्यासाठी घडून गेलेलं. म्हणून काही लोक म्हणतात, काळ वाहत नाही. भूत, वर्तमान, भविष्य सगळं एकदम आहे, लांबच लांब गालिच्यासारखं अंथरलेलं.

माझी आई २०२१ मध्ये गेली. विमानं बंद, मी इथे, ती सांगलीत. शेवटचं दर्शन फोनच्या पडद्यावर, तेही भाच्याचा हात थरथरत होता म्हणून हलतं. त्यानंतर अनेक रात्री मी हेच वाचत काढल्या. आईन्स्टाईनचा जुना मित्र बेस्सो मार्च १९५५ मध्ये गेला, तेव्हा त्याने घरच्यांना लिहिलं की आम्हा भौतिकशास्त्रावर विश्वास असणाऱ्यांसाठी भूत-वर्तमान-भविष्य हा भेद केवळ एक हट्टी भास आहे. स्वतः तो पुढच्याच महिन्यात गेला.

गालिचा खरा असेल तर आई परसात तुळशीला पाणी घालते आहे तो तुकडाही आहेच, नाहीसा झालेला नाही. मी तिकडे जाऊ शकत नाही, एवढंच. पण मग तिच्या शेवटच्या दिवशी मी तिथे नसणंही त्यात कायमचं विणलेलं आहे. एक हवं तर दुसरंही घ्यावं लागतं.

---

सोनचाफा – ६ जून, सकाळी ६:१५

@हडसनकाठ, काय लिहू. वाचून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले थोडा वेळ.

---

न्यूट्रॉन – ६ जून, सकाळी ९:२५

@हडसनकाठ, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. त्या गालिच्याबद्दल मात्र एक सांगतो. सगळं अंथरलेलं आहे, असं मानलं तरी 'ते आधीच ठरवलेलं होतं' असं त्यातून निघत नाही. गालिच्यात तुमची आजची निवड आहे, पण ती तिथे तुम्ही निवडली म्हणून आहे. पाच वर्षांपूर्वी तुम्ही काय खाल्लंत ते आता बदलत नाही, म्हणून ते तुम्ही जबरदस्तीने खाल्लंत असं होत नाही ना?

बेलच्या प्रयोगात एक पळवाट मात्र अशी आहे की ती पूर्ण बुजवता येत नाही. प्रयोगकर्ता कोणतं मापन करणार आणि कण काय उत्तर देणार, हे दोन्ही विश्वाच्या सुरुवातीपासूनच जुळवलेलं असेल तर? म्हणून ३० नोव्हेंबर २०१६ ला जगभरच्या एक लाखाच्या आसपास लोकांनी मनाला येईल तसे ० आणि १ दाबले आणि त्यावरून प्रयोगशाळांतली मापनं ठरवली. २०१८ मध्ये तर ७८० कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या क्वेसारच्या (फार दूरच्या, अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या) प्रकाशावरून मापनं ठरवली. निकाल तोच आला. तरी कुणी म्हणेलच की तो प्रकाशही जुळवलेला होता. तसं मानलं तर कोणताच प्रयोग करण्यात अर्थ राहत नाही, मग औषधांच्या चाचण्याही गेल्या. म्हणून मी ते मानत नाही.

---

चौथीतलाप्रश्न – ६ जून, दुपारी ४:००

हे सगळं माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला जेवताना सांगत होतो. ती म्हणाली, "पण बाबा, मुळात काहीतरी आहेच कशाला? काहीच नसतं तर चाललं नसतं का?" कुणी सांगा, मी काय सांगू?

---

न्यूट्रॉन – ६ जून, दुपारी ४:४०

तिला सांगा, १७१४ मध्ये लायब्निझ नावाच्या फार मोठ्या गणितज्ञाला हाच प्रश्न पडला होता. अर्धवट उत्तर असं: विश्वाच्या सुरुवातीला पदार्थ आणि प्रतिपदार्थ (पदार्थाचं उलट्या विद्युतभाराचं जुळं) जवळजवळ सारखेच होते. एकमेकांना भेटले की दोघांचा प्रकाश होतो. पण साधारण दर अब्जामागे एक कण पदार्थाचा जास्त होता. बाकी सगळे संपले, तो एक उरला. आपण, पृथ्वी, तिचं ताट, त्यातला वरणभात, सगळं त्या उरलेल्यांचं. तो एक जास्त का होता, यावर काम चालू आहे. आणि मुळात ते सगळं का होतं, यावर भौतिकशास्त्र गप्प आहे. मोठी झाली की तिने बघावं.

---

चौथीतलाप्रश्न – ६ जून, रात्री ९:३०

सांगितलं. म्हणाली, "म्हणजे आपण उरलेले आहोत." आणि ताट चाटून पुसून संपवलं.

---

सह्यकडा – ७ जून, सकाळी १०:१०

धाग्याला बरेच फाटे फुटले, मूळ प्रश्नाकडे येतो. परवा मी बाहुली की सोंगटी असं विचारलं होतं. @काळाकोट यांच्या 'कळतं पण वळत नाही' नंतर माझं मत बदललं आहे, ते नोंदवतो.

मी स्वातंत्र्य अणूंच्या फटीत शोधत होतो. ते तिथे नाही. ते कळण्या-वळण्यातल्या जोडणीत आहे. दिसलं, कळलं, तर त्याप्रमाणे मला वळता येतं का? भल्या माणसात ही जोडणी असते, दारू पिणाऱ्यात ती सैल होते, लहान मुलात अजून बसायची असते. ती मज्जातंतूंचीच आहे, अणूंचीच आहे. भौतिकशास्त्राच्या बाहेरचं त्यात काही नाही, आणि असायची गरजही नाही. घड्याळ अणूंचंच असतं म्हणून चालू घड्याळ आणि बंद घड्याळ यांत फरक नसतो का?

भावाला सांगा: गोळी रसायन आहे आणि काटकसरही रसायन आहे, हे खरं. पण एक रसायन जोडणी तोडतं आणि दुसरी गोष्ट म्हणजे ती जोडणीच. दोन्हींना 'रसायन' म्हणून एका पोत्यात भरता येत नाही.

---

उंबरठा – ७ जून, सकाळी ११:००

@सह्यकडा, पटतंय, पण पूर्ण नाही. जोडणी कुणाला चांगली मिळाली, कुणाला सैल, हे कुठे आपण ठरवतो? माझ्या काकांची दारू सुटली, त्यांच्या मित्राची नाही. दोघांनीही शपथ घेतली होती, दोघंही रडले होते. काकांचं कौतुक करताना दरवेळी मला त्या मित्राचा चेहरा दिसतो.

---

सह्यकडा – ७ जून, सकाळी ११:२५

@उंबरठा, याला माझ्याकडे उत्तर नाही. म्हणून दोष देताना हात आखडता घ्यावा, एवढंच मला कळतं.

---

कृष्णाकाठ (धागाकर्ती) – ९ जून, रात्री ९:५०

सगळ्यांचे किती आभार मानू. दोन संध्याकाळी बसून हा सगळा धागा मी बाबांना वाचून दाखवला. भाऊही होता. @हडसनकाठ यांचा प्रतिसाद बाबांनी दोनदा वाचायला लावला. @चौथीतलाप्रश्न यांच्या मुलीला त्यांनी आशीर्वाद सांगितले आहेत.

शेवटी मी विचारलं, "बाबा, मग ती तिकिटं कुणी घेतली? गोळीने की तुम्ही?"

ते उठले, भिंतीवरून कॅलेंडर काढलं. गेल्या वर्षीचं, ते अजून त्याच खिळ्याला नव्या कॅलेंडरच्या मागे होतं. एकेक पान उलटून कोरी बाजू दाखवली. सातही महिन्यांचा हिशोब होता. तारीख, किती तिकिटं, किती रुपये, महिन्याची बेरीज. पार्किन्सन्सने अक्षर बारीक होत जातं. ओळीच्या सुरुवातीला वाचता येतं, शेवटाला मुंग्यांएवढं. पण एकही दिवस सुटलेला नाही. डब्यातली तिकिटं मोजून आईने काढलेला आकडा आणि बाबांच्या पानांची बेरीज रुपयाला रुपया जुळली.

तिकिटं घेणारा हात आणि हिशोब लिहिणारा हात एकच होता, एकाच संध्याकाळी. आम्ही दोघं भाऊबहीण 'खरे बाबा कोणते' म्हणून भांडत होतो.

भाऊ बराच वेळ ती पानं बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला कळत होतं, तर आम्हाला सांगितलं का नाही?" बाबा म्हणाले, "लिहून ठेवलं होतं रे. कुणीतरी पान उलटेल असं वाटायचं."

पुढे म्हणाले, "गोळी डॉक्टरांनी दिली, ती लागली, त्यात कुणाचा दोष नाही. पण पैसे हिचेही होते. ते माझ्या नावावर लिहा."

मी म्हटलं, कुणीही तुमच्याकडून पैसे मागत नाहीये. त्यावर ते काही बोलले नाहीत. आज सकाळी दुधाची पिशवी घेतल्यावर मी नव्या कॅलेंडरवर खूण करायला गेले, तर १ तारखेच्या चौकोनात, 'दूध १ लि.'च्या खाली, त्या मुंगी अक्षरात लिहिलेलं होतं: 'हिला २,०००. बाकी १,७७,०००.' म्हणजे हा तिसरा हप्ता. आईने आम्हाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

तिला विचारलं तर म्हणाली, "घेते मी. त्यांना द्यायचेत ना."

डबा आता तिच्या उशाशी नाही. तिने तो घासूनपुसून त्यात शेंगदाणे भरले आहेत.